शालेय पारितोषिकें आणि ग्रामेतिहासाचें जतन : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या निमित्तानें

[१] प्रस्ताव

ऐतिहासिक साधनें गोळा करणारा प्रत्येक मनुष्य केव्हां ना केव्हां एका जुन्या वाड्याच्या ओसरीवरून रिकाम्या हातीं परत आलेला असतो. घराणें नांवाजलेलें, वतन पिढीजात. तेव्हां दप्तर असणारच, अशी त्याची खात्री असते. परंतु उत्तर मिळतें तें ठरलेलें. आजोबांच्या वेळीं रुमाल माळ्यावर होते; कांहीं वाळवीनें खाल्ले, कांहीं पावसांत भिजले, राहिलेले घर पाडतांना रद्दींत गेले. ह्या उत्तरांत बहुधा खोटें कांहीं नसतें. खेदाची गोष्ट इतकीच कीं, ते रुमाल त्या घरांतील एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलानें पाहिलेले असतात. त्यांत काय आहे हें त्यानें विचारलें नाहीं, आणि विचारावयाचें असतें हें त्याला कोणीं सांगितलें नाहीं. संशोधक त्या घरीं पोंचतो तो एक पिढी उशिरां. शाळा मात्र त्या घरांत रोज पोंचलेली असते.

शाळांतून इतिहासाचीं बक्षिसें देण्याची चाल आहेच. शिवजयंतीस वक्तृत्वाचें, वार्षिक संमेलनांत निबंधाचें, परीक्षेंत पहिला आल्याबद्दल गुणवत्तेचें, अशीं तीं असतात. त्यांना नांवें ठेवण्याचा हेतु नाहीं. परंतु हीं सर्व बक्षिसें मुलानें पुस्तकांतून काय घेतलें ह्याचीं आहेत. त्यानें इतिहासाला काय दिलें ह्याचें बक्षीस कोठें नाहीं. तें कसें असावें, कोणत्या नियमांनीं द्यावें व त्यांत धोके कोणते, ह्याचा विचार पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांचें उदाहरण पुढें ठेवून प्रस्तुत लेखांत केला आहे.

[२] पारितोषिकाची जुनी परंपरा

विद्येला द्रव्याचें उत्तेजन देण्याची रीति महाराष्ट्रास नवी नाहीं. श्रावण मासांत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे ह्यांच्या घराण्यानें तळेगांवीं चालविला होता. १७३१ च्या डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर तो पेशव्यांनीं पुण्यास चालविला व उत्तरोत्तर वाढविला. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टन ह्यानें सुमारें ५०,००० रुपयांची रक्कम ह्याच कामीं राखून ठेविली, आणि १८२१ मध्यें पुण्यास जी संस्कृत पाठशाळा निघाली तिचा पाया ह्याच निधीवर घातला गेला. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी व त्यांचे सहकारी ह्यांनीं, ह्या पैशाचा कांहीं भाग देशभाषेंतील उपयुक्त ग्रंथांकडे वळवावा, असा अर्ज केला. त्यावरून मोठा गहजब उठला. पण अखेर १८५१ मध्यें दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली व मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं.

ह्या कथेंतून आपल्या विषयापुरता एक बोध घ्यावयाचा. पाठ असलेल्या विद्येबद्दल मिळणारी दक्षिणा एका पिढीच्या आंत नव्या लेखनाबद्दल मिळूं लागली. निधि तोच, परीक्षेची अट बदलली. आणि अट बदलतांच तिचें फळ बदललें.

दुसरें उदाहरण त्याहूनही समर्पक आहे. ग्रांट डफ ह्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झाला व लौकरच त्याचें मराठी भाषांतर होऊन तें शाळांतून चालूं लागलें. चाळीस वर्षें मुलांनीं तें पाठ केलें. १८६७ मध्यें नीलकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनीं त्या ग्रंथावर टीकात्मक निबंध लिहिला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें. मूळ कागद पाहिल्यावांचून इतिहासकाराचें म्हणणें प्रमाण मानूं नये, हा त्या निबंधाचा गाभा. त्याच वर्षीं सुरू झालेलें ‘विविधज्ञानविस्तार’, पुढें १८७८ मध्यें निघालेला ‘काव्येतिहाससंग्रह’, १८९८ मध्यें आलेला राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड, आणि १९१० मध्यें स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ, ही सारी मालिका ध्यानांत घेतली म्हणजे एका तरुणाच्या निबंधाचें मोल कळून येतें.

[३] दोन तालुक्यांतील सामग्री

बारामती व इंदापूर हा प्रदेश भीमा व नीरा ह्या दोन नद्यांच्या मधला, बहुतांशीं अवर्षणाचा. ह्या प्रदेशाचें पर्यटन-पुस्तकांतून फारसें वर्णन आढळत नाहीं. तथापि इतिहासाच्या दृष्टीनें तो रिकामा नाहीं.

इंदापूर हें शहाजीराजांच्या जहागिरींतील एक ठाणें. त्यांचे पिते मालोजीराजे येथेंच लढाईंत पडले, असें ‘शिवभारता’वरून दिसतें. त्यांच्या मृत्युवर्षाविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. निरनिराळ्या मतांत दहापंधरा वर्षांचें अंतर पडतें. गांवांत मालोजीराजांचे नांवाची गढी व चांदशहावलीचा दर्गा हीं दोन्ही स्थळें लोकांच्या नित्य परिचयाचीं आहेत. पेशवाईंतील इंदापूर परगण्याचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत विपुल आहेत, आणि त्यांच्या आधारें मिचिहिरो ओगावा ह्या जपानी अभ्यासकानें पुण्यास राहून त्या परगण्याच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाचा प्रबंध लिहिला. इंदापूरच्या मुलांस हें ठाऊक असावयास हवें. दूर देशींचा मनुष्य मोडी शिकून आपल्या गांवचा जमाखर्च वाचतो, ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानापेक्षां अधिक परिणामकारक आहे.

इंदापूरचें दुसरें महत्त्व जमीनमहसुलाच्या इतिहासांत आहे. प्रिंगल ह्याची १८३० च्या सुमारास अंमलांत आलेली आकारणी रयतेस झेपली नाहीं. शेतें ओसाड पडूं लागलीं. तेव्हां १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं इंदापूर तालुक्यांत नव्यानें मोजणी व प्रतवारी करून हलके दर तीस वर्षांकरितां ठरविले. पुढें हीच पद्धति मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरली. आज सातबाराच्या उताऱ्यावर जो गटाचा वा भूमापनाचा आंकडा मुलगा पाहतो, त्याच्या मागची परंपरा त्याच्याच तालुक्यांत सुरू झाली आहे.

बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाईक जोशी ह्यांचा वाडा आहे. हें सावकारी घराणें पेशव्यांचे सोयरे. बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधु आबाजी नाईक ह्यांस दिलेली होती. तरीही १७४० मध्यें बाजीराव वारल्यावर पेशवेपदासाठीं रघूजी भोसल्यांच्या पाठबळानें बाबूजी नाईक पुढें सरसावले, हें सर्वश्रुत आहे. ह्याच नाईकांच्या आश्रयानें मोरोपंत पराडकर (१७२९-१७९४) पन्हाळ्याहून येऊन बारामतीस स्थायिक झाले, आणि त्यांची बहुतेक रचना येथेंच झाली. काशीविश्वेश्वर व सिद्धेश्वर हीं देवालयें गांवांत आहेत. मोरोपंतांच्या आर्यांच्या नकला महाराष्ट्रभर घरोघर झाल्या. तेव्हां जुन्या पोथ्यांच्या गांठोड्यांत त्यांचीं पानें कोठें निघतील ह्याचा नेम नाहीं.

भीमा-नीरेच्या संगमावर नीरा-नरसिंहपूर हें क्षेत्र आहे. पळसदेव येथील पळसनाथाचें जुनें दगडी देऊळ उजनी धरणाच्या जलाशयांत बुडालें असून पाणी फार ओसरलें म्हणजे उघडें पडतें. उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें, व त्यांत भीमाकांठचीं अनेक गांवें हललीं. देऊळ निदान दगडाचें. तें पाण्याखालीं टिकलें. परंतु गांव हलतांना ज्या घरांनीं आपले पेटारे बैलगाडींत घातले त्यांनीं कोणते रुमाल बरोबर घेतले व कोणते टाकले, ह्याची टिपणी कोणी केली नाहीं. त्या स्थलांतराच्या वेळीं जे जाणते होते ते आतां वृद्ध झाले आहेत. त्यांच्या नातवंडांस आज कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढें बसविलें नाहीं, तर पुढील दहा वर्षांत हें साधनही जाईल.

[४] सुप्याचा एक प्रश्न

मुलांकडून पाठांतराखेरीज दुसरें काय करून घेतां येईल, अशी शंका शिक्षक घेतात. तिचें समाधान एका उदाहरणानें करतों.

बारामती तालुक्यांतील सुपें हें ठाणें शहाजीराजांचे मेहुणे संभाजी मोहिते ह्यांजकडे होतें. शिवाजीमहाराजांनीं मोहित्यांस कैद करून तें घेतलें, इतकें पाठ्यपुस्तकांतून मुलांस माहीत असतें. आतां सभासदाची बखर घेतली तर महाराज शिमग्याच्या सणाचें पोस्त मागण्याच्या निमित्तानें गेले, असें वर्णन आहे. जेधे शकावलींत मात्र ही घटना शके १५७८ च्या आश्विन महिन्यांत, म्हणजे इ. स. १६५६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, नोंदलेली आहे. शिमगा फाल्गुनांत. एकच गोष्ट, दोन ऋतु.

हा प्रश्न आठवींतल्या मुलापुढें ठेवावा. सभासदानें बखर केव्हां लिहिली, शकावलीची नोंद कोणत्या प्रकारची, कथेंत सण कां येतो, तारखेंत चूक कां होते, हे प्रश्न तो आपण होऊन विचारूं लागतो. सुप्याचाच मुलगा असला तर ठाण्याची जागा, वाट, नदीचा उतार हें तो संशोधकापेक्षां चांगलें जाणतो. त्याचें उत्तर निर्णायक न ठरो. साधनाला साधन ताडून पाहण्याची दृष्टि त्याला आली म्हणजे पारितोषिकाचें सार्थक झालें.

आणि ही जेधे शकावली आली कोठून? कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांतून. ती लोकमान्य टिळकांच्या हातीं आली व १९१६ मध्यें मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध झाली. शिवजन्माची शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि तींतली. पुढें बराच काळ वाद होऊन ती मान्यता पावली. एका देशमुखाच्या घरांत चार पानें टिकलीं म्हणून महाराष्ट्रांतील प्रत्येक क्रमिक पुस्तकांतील तारीख बदलली. त्या घरांत तीं पानें एखाद्या दिवाळीच्या सफाईंत गेलीं असतीं, तर आपण आजही बखरींतील वर्ष धरून बसलों असतों.

[५] कागदाचें भय

येथें एक अडचण प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. लोक कागद दाखवीत नाहींत, ह्याचें कारण केवळ अज्ञान नव्हे. सुप्याचेंच दुसरें उदाहरण पाहा. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. दक्षिणेंतील दंगे म्हणून जे प्रसिद्ध आहेत त्यांचा आरंभ तो. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या वह्यांवर व कर्जरोख्यांवर होता. ते हिसकून जाळण्यांत आले. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें व १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ कायदा केला.

आम्हां संग्राहकांस जळालेल्या वह्यांबद्दल हळहळ वाटते. परंतु ज्यानें त्या जाळल्या त्याच्या दृष्टीनें तो कागद म्हणजे गेलेली जमीन होती. कागदाची सत्ता तो आपल्याहून अधिक ओळखत होता. तें भय वेगळ्या रूपानें आजही आहे. वतनाचा कागद बाहेर गेला तर भाऊबंदकींत वापरला जाईल, देवस्थानच्या इनामाची सनद दाखविली तर वाद उठेल, अशी शंका घरांतल्या वडील माणसांस येते, आणि ती नेहमींच निराधार असते असेंही नाहीं. म्हणून मुलाला कागद आणावयास धाडणें हें योग्य नव्हे. त्यानें घरच्यांच्या संमतीनें, घरांतच बसून, वडिलांच्या देखत यादी करावी. किती रुमाल, किती पानें, लिपि मोडी कीं बाळबोध, वरती कोणता शक वा सन दिसतो, शिक्का आहे कीं नाहीं, कोठें ठेविले आहेत, एवढेंच. मजकूर उघड करावा कीं नाहीं हें घरानें ठरवावें. यादी झाली कीं त्या रुमालांचें मोल घरांत सर्वांस कळतें, आणि मोल कळलेली वस्तु सहसा रद्दींत जात नाहीं.

[६] परदेशांतील एक प्रयोग

ह्या बाबतींत जर्मनीचा दाखला पाहण्यासारखा आहे. तेथें १९७३ मध्यें अध्यक्ष गुस्ताव हाइनेमान व उद्योगपति कुर्ट क्यॉर्बर ह्यांच्या पुढाकारानें शाळकरी मुलांसाठीं इतिहासाची स्पर्धा सुरू झाली. तिचा मुख्य नियम असा कीं, विषय सर्वांस एक, परंतु शोध आपल्याच गांवांत, कुटुंबांत वा परिसरांत घ्यावयाचा. १९८०-८१ च्या स्पर्धेचा विषय नाझी राजवटींतील दैनंदिन जीवन हा होता. पस्साऊ येथील आना रोस्मुस ह्या विद्यार्थिनीनें त्यानिमित्त आपल्या नगराचीं जुनीं दप्तरें मागितलीं. तेव्हां प्रतिष्ठितांनीं अडथळे आणले, व तिला पुष्कळ छळ सोसावा लागला. पुढें तिच्या शोधाचें पुस्तक झालें.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. मुलें खरा शोध करूं शकतात, ही एक. खरा शोध गांवास नेहमीं गोडच लागेल असें नाहीं, ही दुसरी. आपल्याकडे पारितोषिक ठेवणारानें दुसऱ्या गोष्टीची तयारी आधीं केली पाहिजे. गांवाचें वैभव वर्णन करणाऱ्या निबंधालाच बक्षीस मिळतें असें मुलांनीं एकदां ताडलें, म्हणजे तीं वैभवच लिहूं लागतील, आणि नसलेलें वैभव निर्माण करतील.

[७] पारितोषिकाचे धोके व नियम

बक्षिसाच्या लोभानें इतिहासाची हानि होण्याचाही संभव आहे. शिलालेख स्पष्ट दिसावा म्हणून त्यावर खडू फिरविणें वा तैलरंग देणें, वीरगळ उचलून शाळेच्या आवारांत आणणें, पोथीच्या पानांस चिकटपट्टी लावणें, नाणीं घांसून चकचकीत करणें, हे प्रकार उत्साहाच्या भरांत होतात. घराण्याच्या मोठेपणासाठीं बनावट वंशावळी व मागाहून रचलेले कागद पुढें येतात, हें तर जुन्या संशोधकांसही चांगलें ठाऊक होतें. म्हणून पुढील नियम सुचवावेसे वाटतात.

१. विषय स्वतःच्या गांवांतील वा वाडीवस्तींतील एकच वस्तु असावी : एक लेख, एक वीरगळ, एक बारव, एक रुमाल, एक वृद्ध मनुष्याची आठवण. लहान विषयांत मुलाची खरी मेहनत दिसते.

२. मूळ वस्तु जागची हलवूं नये. छायाचित्र मोबाइलवर घेतां येतें. लेखाचें छायाचित्र तिरप्या उन्हांत घ्यावें, म्हणजे अक्षरास रंग लावावा लागत नाहीं.

३. निबंधाचे तीन भाग स्पष्ट वेगळे असावेत : मीं काय पाहिलें, लोक काय सांगतात, आणि मला काय वाटतें. तिहींची सरमिसळ झालेल्या निबंधास बक्षीस नसावें.

४. शोध करून कांहीं सांपडलें नाहीं, असें प्रामाणिकपणें लिहिणाऱ्यासही गुण असावेत. हा नियम नसेल तर बनावट साधनांस आमंत्रण मिळतें.

५. परीक्षकांपैकीं एक तरी तालुक्याबाहेरचा असावा, म्हणजे गांवच्या मानपानाचा दाब पडणार नाहीं. एक मोडी जाणणारा असावा.

६. कायद्याची माहिती मुलांस आधीं द्यावी. जमिनींत पुरलेलें धन सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. आणि १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यांत ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाच्या हस्तलिखितांस पंचाहत्तर वर्षांची व इतर पुरावस्तूंस शंभर वर्षांची मर्यादा आहे. आमच्यापैकीं कांहीं संग्राहक अशा प्रसंगीं विकत घेण्याच्या हेतूनें मुलांमागोमाग घरांत शिरतील, हेंही सांगून ठेवलें पाहिजे. तसें झालें तर शाळेवरचा विश्वास एका वर्षांत नाहींसा होईल.

७. पारितोषिक दोन भागांत असावें. एक मुलास, ग्रंथरूपानें. दुसरें ज्या घरानें साधन राखलें त्या घरास. तें आम्लरहित कागदाच्या वेष्टनांचें व एका चांगल्या पेटीचें असावें. सन्मानपत्र भिंतीवर लागतें. पेटींत दप्तर राहतें.

८. प्रत्येक निबंधाच्या व छायाचित्रांच्या तीन प्रती असाव्यात : शाळेंत, तालुक्याच्या ग्रंथालयांत व एखाद्या संशोधन-संस्थेंत. ग्रांट डफनें आपण मिळविलेल्या कांहीं हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविल्या होत्या. पुढें त्या हातीं लागल्या नाहींत. एकाच जागीं ठेवलेलें साधन सुरक्षित समजूं नये.

ह्या सर्वांस मोडी लिपीच्या ज्ञानाची जोड हवी. एके काळीं प्राथमिक शाळांतून मोडी शिकविली जात असे. ती बंद झाल्यास आतां दोनतीन पिढ्या लोटल्या. त्यामुळें नातवास आजोबांच्या आजोबांची सही वाचतां येत नाहीं. सगळ्या वर्गास मोडी शिकविण्याची आवश्यकता नाहीं. प्रत्येक शाळेंत दोन शिक्षक व दहा मुलें शनिवारीं तासभर बसलीं, तरी दोन वर्षांत तालुक्यास वाचकांचा एक लहानसा संघ मिळेल. पेशवे दप्तरांतील कागदांची संख्या कोट्यवधीनें मोजली जाते, आणि ते सर्व वाचावयास आज तज्ज्ञ पुरे पडत नाहींत. पुढील तज्ज्ञ कोठून यावयाचे? इंदापूर-बारामतीच्या ह्याच वर्गांतून ते आले पाहिजेत.

[८] उपसंहार

कोणी म्हणेल, मुलांच्या निबंधांतून संशोधनास उपयोगी असें शेंकडा एक तरी निघेल काय? कदाचित् एकही निघणार नाहीं. परंतु हिशेब त्या बाजूनें मांडावयाचा नाहीं. ज्या शंभर घरांतून मुलांनीं रुमाल खालीं उतरविले, मोजले व पुन्हां नीट बांधून ठेविले, त्या शंभर घरांत तें दप्तर आणखी एक पिढी टिकलें. संशोधक एक पिढी उशिरां पोंचतो, असें आरंभीं म्हटलें. त्याला ती पिढी परत मिळवून देणें, इतकेंच ह्या पारितोषिकाचें काम.

मंडळांच्या सभासदांस व खाजगी संग्राहकांस म्हणून विनंति आहे. आपल्या परिचयाच्या एका शाळेंत, एका वर्षापुरतें, एक लहान पारितोषिक वरील अटींवर ठेवून पाहावें, आणि आलेल्या याद्या जशाच्या तशा प्रसिद्ध कराव्यात. सुपें, इंदापूर, बारामती, पळसदेव व नरसिंहपूर ह्या पांच ठिकाणांपासून आरंभ केल्यास पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागाची दप्तर-यादी तयार होण्यास फार काळ लागणार नाहीं. पळसनाथाचें शिखर पाण्याबाहेर येण्यासाठीं अवर्षणाची वाट पाहावी लागते. माळ्यावरचे रुमाल खालीं येण्यास एका मुलाचा प्रश्न पुरे आहे.